गव्हाणे सरांचं चर्रर्र

"डोळे मिटा," गव्हाणे सर म्हणाले, आणि वेल्डर ट्रेडच्या आमच्या अख्ख्या वर्गानं रस्त्याच्या कडेला उभ्याउभ्या डोळे मिटले.

माझ्या आईनं तिच्या भज्यांच्या गाड्यावर नवा घाणा तेलात सोडला.

चर्रर्रर्र.

"ऐकलं? हा बरोबर आर्क. रॉड आणि पट्टी यांच्यात नेमकं अंतर. आता भामाबाई, जाळ कमी करा."

"कशाला?" आई म्हणाली. "भजे तेल पितील की."

"शिक्षणासाठी, भामाबाई."

आईनं कपाळाला हात लावला आणि जाळ कमी केला. कढईतला आवाज हळूहळू बसला.

"हा रॉड चिकटला," सर म्हणाले. "द्वारका, फरक सांग."

द्वारका म्हणजे मी. मी फरक सांगितला. मला तो पाळण्यात असल्यापासून ठाऊक होता, कारण माझा पाळणाच आईनं त्या गाड्याशेजारच्या लिंबाला बांधला होता. सरांनी मान डोलावली, तास संपल्याचं जाहीर केलं आणि मग नेहमीप्रमाणे शैक्षणिक साहित्य सगळ्यांनी वाटून खाल्लं.

धामणखुंट्याच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग असं शिकवलं जायचं. आज मी जिथं काम करते तिथं हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, द्वारकाताई, काहीतरीच सांगता. म्हणून आधी सगळं रीतसर सांगते.

आमच्या संस्थेत वेल्डिंगचं मशीन नव्हतं असं नाही. चांगलं हिरव्या रंगाचं, चाकांवरचं मशीन होतं. ते आलं त्या दिवशी गावात हार, पेढे, पाहुणे असा थाट झाला. मशीन विकणाऱ्या माणसानं सगळ्यांसमोर रॉड टेकवून ठिणग्या उडवून दाखवल्या. बायाबापड्यांनी हात जोडले. सर मात्र त्या वेळी नारळ विसरला म्हणून दुकानात पळाले होते. ते नारळ घेऊन परत येईतो वेशीजवळची पिठाची गिरणी बंद पडली होती आणि मारोती गिरणीवाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन संस्थेच्या दारात उभा होता. गावचा ट्रान्सफॉर्मर दोघांचं ओझं पेलेना. एक तर गिरणी चालेल, नाही तर वेल्डिंग. दळणाचे डबे घेऊन बायकांची रांग संस्थेपर्यंत आली. पारावर बैठक बसली. विद्या हवी की पीठ हवं, असा सरळ प्रश्न होता. गावानं पीठ निवडलं आणि खरं सांगायचं तर मीही तेच निवडलं असतं.

तेव्हापासून मशीनवर कापड आलं. दर खंडेनवमीला ते कापड काढून मशीनला हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचं. मशीनची इतकी सेवा झाली होती की आम्ही पोरं त्याच्या जवळून जाताना चपला काढत असू.

पण ट्रेड चालू होता, पोरं येत होती, आणि गव्हाणे सर हाडाचे शिक्षक होते. त्यांनी कोरड्या सरावाची पद्धत काढली. हातात होल्डर घ्यायचा, होल्डरात रॉड लावायचा, पट्टीवर बरोबर तिरका धरायचा, हात न हलवता डावीकडून उजवीकडे न्यायचा आणि तोंडानं आर्कचा, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या ठिणगीचा, आवाज काढायचा. चर्रर्रर्र. अंतर वाढलं तर आवाज मोठा आणि फुटका, कमी झालं तर दबका. सर पाठीमागे हात बांधून कान लावत फिरायचे.

"नागनाथ, तुझा आर्क तुटला."

"श्वास घेतला, सर."

"वेल्डिंगच्या मधे श्वास घेतात का, गाढवा?"

रॉड एकच होता. तो बॅचमागून बॅच चालत आलेला होता आणि त्याची लांबी केसभरही कमी झाली नव्हती. हेल्मेटं पुष्कळ होती, पण त्यांच्या काचा नव्हत्या. मागं एकदा सूर्यग्रहण लागलं तेव्हा अर्ध्या गावानं त्या काळ्या काचा ग्रहण बघायला म्हणून मागून नेल्या. ग्रहण सुटलं, काचा काही सुटल्या नाहीत. त्यामुळे हेल्मेट खाली केलं तरी आम्हाला चौकटीतून सगळं जग लख्ख दिसायचं, आणि वेल्डर लोक हे डबडं तोंडावर का घेतात ते मला दोन वर्षं कळलं नव्हतं. धूळ बसू नये म्हणून असेल, अशी माझी समजूत होती.

हसू नका. आम्ही मन लावून शिकत होतो. माझा हात तर असा स्थिर झाला होता की सर मनगटावर रुपया ठेवायचे आणि तो पडायचा नाही.

त्या कढईच्या तासाच्या दुसऱ्या दिवशी आमची परीक्षा होती, आणि ती संस्थेत नव्हती. शहराबाहेरच्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीनं निवडीसाठी प्रत्येक संस्थेतून दोघांना बोलावलं होतं. सरांनी मला आणि नागनाथला निवडलं. माझा हात चांगला म्हणून, आणि नागनाथची छाती मोठी, त्याचा आर्क सगळ्यात लांब टिकायचा म्हणून.

संध्याकाळी आई गाडा आवरत होती. मी कढई घासत होते.

"लागंल का नौकरी?" आईनं विचारलं.

"बघू."

"बघू नाही. माहा हात आता उचलत नाही, द्वारके. झारा धरला की खांद्यातून कळ येती. लागली तर सुखानं जा, मी कोणाला तरी ठेवीन हाताखाली. नाही लागली तर सोमवारपासून कढई तुही."

आई हे रागानं बोलली नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. मला त्या कढईचा मनापासून कंटाळा होता. शाळेत मला कुणी द्वारका म्हणून हाक मारली नाही, सगळे "भजे" म्हणायचे. केस कितीही धुतले तरी तेलाचा वास जायचा नाही. मला एकदा तरी अशा ठिकाणी जायचं होतं जिथं माझ्या अंगाला लोखंडाचा वास येईल. त्या रात्री मी आडवी पडले ते तोंडानं हळूच चर्रर्र करतच, तर आई अंधारातून ओरडली, "तोंडाची वाफ दवडू नको, झोप!"

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सोबत चिवड्याची पिशवी घेतली होती. खरं म्हणजे त्यांना बोलावलेलं नव्हतं. पण ते म्हणाले, "पोरगी परगावी चालली, सोबत नको का?" गाडीत आम्ही मागच्या सीटवर शेवटचा सराव केला. पुढचा एक म्हातारा दोनदा मागं वळून बघून शेवटी कंडक्टरला म्हणाला, "अहो, तुमच्या गाडीचं टायर बसायलंय." कंडक्टरनं गाडी थांबवून चारी चाकं तपासली. आम्ही बाकीचा प्रवास गप्प बसून केला.

कंपनी बघून मी दारातच थबकले. चकचकीत फरशी. भिंतीवर कुठंही जाळं नाही. आमची परीक्षा घ्यायला शेंडगे मॅडम होत्या, कंपनीच्या ट्रेनिंगच्या प्रमुख. आखूड केस, पायात जाड बूट, आणि चेहऱ्यावर सकाळपासून पुष्कळ पोरं बघून झाल्याचा शीण.

"दोन भाग आहेत," मॅडम म्हणाल्या. "आधी इथं हातानं एक साधी पट्टी जोडून दाखवायची. मग आत दुसरी टेस्ट. दुसरीचे मार्क निवडीला धरतो. पहिली एवढ्यासाठी, की तुम्हाला कितपत येतं ते कळावं. सर, तुम्ही बाहेर बाकावर बसा."

सर बाकावर बसले, पण मान लांब करून दारातून बघता येईल असे बसले.

मला आणि नागनाथला शेजारशेजारच्या दोन टेबलांवर उभं केलं. खरं मशीन घूं घूं करत होतं. होल्डर आमच्या होल्डरापेक्षा जड होता. मी मनात कुलदैवताचं नाव घेतलं आणि हेल्मेट खाली केलं.

काळोख. मिट्ट काळोख.

शेजारून नागनाथचा आवाज आला, "लाईट गेली!"

आता आमच्या संस्थेत लाईट गेली की काय करायचं याचा नियम होता. वर्गात अंधार झाला की कुणी कुणाच्या पायावर काही पाडू नये म्हणून हातातलं सामान जागच्या जागी ठेवायचं आणि लिंबाखाली जाऊन बसायचं. दिवसातून तीन-चारदा हे घडायचं, त्यामुळे ते अंगात भिनलेलं होतं. मी होल्डर खाली ठेवला. नागनाथनंही ठेवला. आम्ही दोघंही हेल्मेटासकट चाचपडत दाराकडे निघालो. लिंब तिथं नव्हता. नागनाथ एका कपाटावर आदळला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"लाईट गेली, मॅडम," मी म्हणाले.

"कुठली लाईट?"

"सगळीकडचीच गेलेली दिसते."

मग मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "हेल्मेट वर करा बरं."

आम्ही हेल्मेटं वर केली. सगळे दिवे जळत होते.

"आली रे आली!" नागनाथ सवयीनं ओरडला.

बाहेर बाकावर सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलेलं मला दिसलं. मॅडमनी काच काळी असते आणि ती का असते हे आम्हाला समजावून सांगितलं. ऐकून मला ग्रहणाचा सगळा उलगडा झाला. "आर्क लागला की त्याच्या उजेडात दिसतं," त्या म्हणाल्या. "हं, करा सुरू."

मी पुन्हा हेल्मेट खाली केलं. हात पट्टीवर नेला, रॉड तिरका धरला, श्वास भरून घेतला आणि मन लावून सुरुवात केली. चर्रर्रर्र. शेजारी नागनाथनंही सुरू केलं. त्याचा आवाज जास्त दमदार होता.

"हा कसला आवाज?" मॅडम म्हणाल्या. त्या वाकून मशीनकडं बघू लागल्या. त्यांनी एक बटण बंद केलं. आवाज चालूच. त्यांनी दुसऱ्या माणसाला हाक मारली, त्यानं भिंतीवरचं मोठं स्विच खाली ओढलं. मशीनची घूं घूं थांबली. आमचं चर्रर्र थांबेना. मग तो माणूस नागनाथच्या जवळ गेला, हेल्मेटाला कान लावला आणि घाबरून म्हणाला, "मॅडम, हे पोरगंच वाजायलंय!"

मॅडमनी आमची हेल्मेटं स्वतःच्या हातानं वर केली.

"हे काय चाललंय?"

"वेल्डिंग," मी म्हणाले.

"रॉड पट्टीला टेकलेलाही नाही."

"टेकवायचा असतो का?" नागनाथनं प्रामाणिकपणे विचारलं.

मशीन पुन्हा चालू झालं. मी रॉड टेकवला. तो गपकन चिकटला. ओढला तर पट्टीसकट वर आला. मी होल्डर हलवला, पट्टी हलली. मी जोरात झटकला, तर पट्टी सुटून टेबलाखाली जाऊन खणखणली. घामानं मी भिजले. डोळ्यांपुढं सोमवार दिसत होता, आणि सोमवारच्या पुढं कढई.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज आता जरा मऊ झाला होता.

मी पुन्हा टेकवला आणि थोडा उचलला. आणि आर्क लागला! काळ्या काचेच्या पलीकडं एक हिरवट तारा पेटला. त्याच्याखाली लोखंड पाण्यासारखं हललं. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. दोन श्वास मी ते बघत राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं की रॉड आखूड होत चाललाय. आमचा रॉड दोन वर्षांत कमी झाला नव्हता, आणि मी परक्यांचा रॉड बघता बघता अर्धा करून टाकला होता. मी झटकन हात उचलला.

"का थांबलीस?"

"मॅडम, रॉड संपायला लागला," मी रडकुंडीला येऊन सांगितलं. "मी काही केलं नाही. आपोआपच संपायलाय."

मॅडम टेबलाला टेकल्या. आधी मला वाटलं त्यांना चक्कर आली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि स्विचवाला माणूस तर सरळ बाहेर पळाला. मॅडमनी डोळे पुसले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तुमचा काय दोष. चला, दुसरा भाग उरकून घेऊ."

उरकून घेऊ, हा शब्द मला फार लागला. नागनाथ माझ्या कानाशी लागला, "द्वारके, तुला तरी कढई आहे. मी काय करू?" असा धीर देणारा सोबती देव कुणाला न देवो.

आतली खोली गार आणि स्वच्छ होती. मोठ्या काचेपलीकडं कारखाना दिसत होता आणि तिथं पिवळे यांत्रिक हात माना वाकवून आपापलं वेल्डिंग करत होते. माणूस एखाददुसरा. "हातानं वेल्डिंग आता इथं दुरुस्तीपुरतंच," मॅडम म्हणाल्या. "बाकी सगळे रोबो. पण रोबोला हात कसा न्यायचा, किती तिरका, किती वेगानं, हे माणसानंच शिकवावं लागतं. ते शिकवणारी पोरं आम्हाला हवीत. म्हणून ही टेस्ट. हा सिम्युलेटर, खास परदेशातून मागवलाय."

टेबलावर एक प्लॅस्टिकची पट्टी होती. वायर लावलेला एक प्लॅस्टिकचा होल्डर होता. हेल्मेटात काचेच्या जागी छोटा पडदा. भिंतीवर मोठा पडदा.

"इथं खरं काही नाही," मॅडमनी समजावलं. "करंट नाही, आग नाही, रॉड संपत नाही. हात बरोबर चालला की पडद्यावर वेल्डिंग होताना दिसतं, आणि अंतर बरोबर असलं की ह्या स्पीकरमधून आवाज येतो."

"कसा आवाज?" मी विचारलं.

मॅडमनी होल्डर घेऊन दाखवलं. स्पीकरमधून आवाज आला.

चर्रर्रर्र.

मी नागनाथकडं बघितलं. नागनाथनं माझ्याकडं बघितलं. दाराबाहेर बाक करकरला. सर उठून उभे राहिले होते.

पुढचं सांगायला मला आजही लाज वाटत नाही. मी हेल्मेट घातलं आणि घरी आल्यासारखं वाटलं. करंट नव्हता. आग नव्हती. संपणारा रॉड नव्हता. सगळं कसं ओळखीचं, आपलं, धामणखुंट्याचं. हात आपोआप तिरका झाला, मनगटावर जणू सरांचा रुपया ठेवलेला होता, आणि स्पीकरच्या आवाजात मी माझाही मिसळला. जिथं तो जरा फुटला तिथं आईचा जाळ मोठा झाला हे मला कळलं आणि मी हात खाली घेतला. जिथं दबला तिथं उचलला. शेवटी हेल्मेट काढलं तेव्हा मॅडम पडद्याकडं बघत होत्या. पडद्यावर सरळ, सारखी, खवल्याखवल्यांची एक देखणी रेघ होती, आणि तिच्याखाली शंभरातले सत्त्याण्णव.

"सकाळपासून इतके कुणाला मिळाले नाहीत," मॅडम हळूच म्हणाल्या. "खऱ्यावर चांगलं करणारी पोरं इथं येऊन गोंधळतात. जुन्या मशीनवर हाताला ज्या सवयी लागलेल्या असतात त्या मोडायला आमचे महिने जातात. तुला मोडायसारखी सवयच नाही. तुमच्याकडं असा सिम्युलेटर आहे का?"

"आहे," नागनाथ म्हणाला. "बाहेर बाकावर बसलाय."

मला तिथंच सांगितलं गेलं की एक तारखेपासून ये. नागनाथ थोडक्यात हुकला, कारण मधेच त्यानं श्वास घेतला. आता त्याचं तालुक्याला मोबाईलचं दुकान आहे आणि माझ्यापेक्षा त्याचं बरं चाललंय, पण ती गोष्ट वेगळी. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की सोमवार गेला, कढई गेली. मी मॅडमच्या पाया पडायला वाकले, त्या मागं सरकल्या.

मग त्यांनी सरांना आत बोलावलं. सरांनी सिम्युलेटरभोवती एक फेरी मारली. प्लॅस्टिकचा होल्डर उचलून बघितला, स्पीकरला कान लावला. मला वाटलं आता ते फुगून म्हणतील, हे तर मी केव्हाच काढलं होतं. मॅडमही त्याच अपेक्षेनं हसत उभ्या होत्या. पण सर काही फुगले नाहीत. ते जरा वेळ काचेपलीकडच्या पिवळ्या हातांकडं बघत राहिले आणि मग शर्टाची बाही सारखी करत म्हणाले, "मॅडम, एक मागू का?"

"मागा ना, सर."

"ते बाहेरचं मशीन. मघाचं, खरं. त्याच्यावर मला एकदा करू द्याल?"

"द्यायला काय हरकत आहे? पण तुम्ही तर नेहमीच..."

"नाही," सर म्हणाले. "मी अजून केलेलं नाही."

सरांनी प्लॅस्टिकचा होल्डर टेबलावर सरळ करून ठेवला.

"आमच्या गावात गिरणी आहे, तसं मी शिकलो तिथं उसाचं गुऱ्हाळ होतं," सर खाली बघत सांगू लागले. "मशीन लावलं की गुऱ्हाळ बंद पडायचं. आमचे सर तोंडानं फुर्रर्र करायचे. मला ते पटायचं नाही. एकदा एसटीची वाट बघताना ग्रिलच्या दुकानाबाहेर खरा आवाज कानावर पडला, म्हणून मी त्याचं चर्रर्र केलं. आमच्याकडं मशीन आलं त्या दिवशी तरी करायला मिळेल असं वाटलं होतं. पण नारळ राहिला होता."

मला मघापासून आलेलं हसू कुठल्या कुठे गेलं. दोन वर्षं ज्यांच्यापाशी शिकले त्या माणसानं स्वतः एक टाकाही घातलेला नव्हता, आणि तरी एक दिवस तास बुडवला नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला रडू आलं.

मॅडम सरांना बाहेरच्या मशीनपाशी घेऊन गेल्या. त्यांनी सरांच्या अंगावर कातडी कोट चढवला, हातमोजे घातले आणि हेल्मेट स्वतः त्यांच्या डोक्यावर बसवलं. "खाली केलं की अंधार होईल," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," सर म्हणाले. "लाईट गेलेली नसते."

सरांनी हेल्मेट खाली केलं. पहिल्यांदा रॉड चिकटला. दुसऱ्यांदा चिकटला. तिसऱ्यांदा लागला आणि आम्ही तोंडं फिरवली, भिंतीवर सरांची निळी सावली नाचू लागली. मी सवयीनं कान लावला. हेल्मेटाआडून काहीच येत नव्हतं. सर गप्प होते. इतक्या वर्षांत हातात होल्डर असताना ते गप्प आहेत असं कधी झालं नव्हतं. ते ऐकत होते.

रॉड संपेपर्यंत त्यांनी हात उचलला नाही. मग हेल्मेट वर केलं. घामानं ते निथळत होते आणि लहान पोरासारखे हसत होते. पट्टीवरची रेघ मात्र बघवत नव्हती. कोंबडी चिखलातून गेल्यावर उठते तशी.

"ही मी नेऊ का?" त्यांनी विचारलं.

"न्या, पण गार होऊ द्या," मॅडम म्हणाल्या.

सरांना धीर कुठला? त्यांनी ती रुमालात गुंडाळून चिवड्याच्या पिशवीत टाकली. फाटकापर्यंत पोचेतो पिशवीला भोक पडलं होतं आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर आमच्यामागं चिवड्याची रांग लागली होती.

दिवेलागणीला आम्ही गावात उतरलो. आई गाड्यावर होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिला विचारावं लागलं नाही.

"लागली," मी म्हणाले.

"बरं झालं," आई म्हणाली आणि कांदा चिरायला वळली. कांदा आधीच चिरलेला होता. तरी ती बराच वेळ पाठ करून उभी राहिली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई झोंबणारे कांदे आलेत औंदा."

सरांनी जळका रुमाल सोडून पट्टी तिच्यापुढं ठेवली.

"हे काय?"

"वेल्डिंग, भामाबाई. मी केलेलं."

आईनं ती उलटीपालटी करून बघितली. "वाकडं हाय."

"पहिलंच आहे," सर म्हणाले.

भजी बांधायच्या रद्दीच्या कागदांवर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आई एक धोंडा ठेवायची. तिनं तो धोंडा काढून रस्त्याकडेला टाकला आणि त्या जागी सरांची पट्टी ठेवली. अजून ती तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी आईला हात द्यायला गाड्यावर उभी होते. समोर संस्थेची खिडकी उघडी होती. आत आमच्यामागच्या बॅचची पोरं होल्डर घेऊन उभी होती आणि सरांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"मुलांनो, काल आवाजात एक दुरुस्ती सापडली आहे. आजवर आपण नुसतं चर्रर्र करत होतो. तसं नाही. मधे मधे ते फुटतं. फोडणीत मोहरी तडतडते तसं. ती मोहरी घ्यायची. हं, हेल्मेट खाली. करा."

हेल्मेटं खडखडत खाली आली. मग अख्ख्या वर्गानं एका दमात सुरू केलं. चर्रर्र, तड्, चर्रर्र, तड् तड्, चर्रर्र.

आईचा झारा हवेतच थांबला. तिनं मान तिरकी करून नीट ऐकलं.

"हां," ती म्हणाली. "आता तापलं तेल."